विमा नाही म्हणता, पण पगाराची स्लिप पाहिलीत का?

प्रश्न : मी धायरीत राहतो. हिंजवडीच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगला आहे, पगार १७,५०० रुपये. आई ५४ वर्षांची. चार घरी पोळ्या करून महिन्याला आठ हजार मिळवायची, पण दम लागतो म्हणून दिवाळीपासून काम बंद आहे. हृदयाची झडप बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणतात. ज्या मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात दाखवलं, त्यांनी साडेचार लाख खर्च आणि दोन लाख अनामत सांगितली. गरिबांचा कोटा भरलाय म्हणाले. इंग्रजी कागदावर सही आणि एक कोरा चेकही मागतायत. आमचा विमा नाही. केशरी रेशनकार्ड आहे, पण ते वाईचं, काकांच्या नावावर. त्यात आईचं नाव आहे, माझं नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून अनामत भरू का? आणि पुढे बिल भरता आलं नाही, तर आईला अडकवून ठेवतील का?

उत्तर : अनामत भरू नका. तुमच्या पत्रात ‘विमा नाही’ हे वाक्य आहे, तिथूनच सुरुवात करू. महिन्याची पगाराची स्लिप काढा आणि कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’ दिसतं का बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला राज्य कामगार विमा, म्हणजेच ईएसआय, लागू असतो, ठेकेदाराच्या माणसालाही. पगाराच्या ०.७५ टक्के तुमच्याकडून जातात, म्हणजे १७,५०० वर १३२ रुपये. १३२ रुपये कुठे जातात हे कुणी विचारत नाही, आणि ठेकेदार तर आपणहून सांगतच नाही. या विम्यात अवलंबून असलेले आईवडीलही येतात, त्यांची स्वतःची कमाई महिन्याला नऊ हजारांच्या वर नसली तर. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारख्या मोठ्या उपचारांना वर्गणी किती दिवस भरली याची अट असते, म्हणून स्लिपा आणि विमा क्रमांक घेऊन बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात आधी खात्री करा. कपात होत नसेल, तर ती का होत नाही हे ठेकेदाराला लेखी विचारा. ते भांडण मात्र आईच्या शस्त्रक्रियेनंतरचं.

दुसरा दरवाजा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा, आणि तुमच्यासाठी मला तोच सगळ्यात सरळ वाटतो. पूर्वी इथे कार्डाचा रंग बघत. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रातलं कुठलंही रेशनकार्ड चालतं, पांढरंसुद्धा, आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. कार्ड वाईचं असलं म्हणून बिघडत नाही, काकांच्या नावावर असलं म्हणूनही नाही. रुग्णाचं नाव त्यात हवं, ते आहे. तुमचं नसलं तरी चालेल, तुमची झडप बदलायची नाहीये. काकांकडून मूळ कार्ड मागून घ्या. त्याला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का ते तपासा, नसेल तर वाईच्या पुरवठा शाखेत आधी ते काम. मग आधार आणि सगळे रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते १५५३८८ वर कळेल. ससूनचं नाव ऐकून नाक मुरडू नका, पण योजनेत खासगी रुग्णालयंही आहेत. झडपेचा खर्च, औषधं, जेवण, सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. ‘वरचे थोडे द्यावे लागतील’ म्हणाले, तर ते पावतीवर लिहून मागा. बहुतेक वेळा मागणी तिथेच विरते.

आता धर्मादाय हॉस्पिटल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली एक योजना आखून दिली. तिच्याप्रमाणे अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत बाजूला काढायची आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तुमचे २ लाख १० हजार होतात. आईची जुनी कमाई धरली तरी ३ लाख ६ हजार. म्हणजे तुम्ही दुर्बल घटकात बसता. खाट, नर्सिंग यांचे पैसे लागत नाहीत. औषधं आणि झडप हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला धरायची आणि त्या बिलाचा किमान निम्मा भाग तुम्ही भरायचा. निम्मी रक्कमही तुम्हाला जड आहे, म्हणून हा दरवाजा मी तिसरा ठेवला. उत्पन्नाचा दाखला मात्र आजच सेतू केंद्रातून तहसीलदारांकडे टाका.

‘कोटा भरलाय’ हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे साध्या कागदावर दोन ओळी द्या : आम्ही दुर्बल घटकातले आहोत, राखीव खाट द्या, नसेल तर आज किती खाटा राखीव आणि किती भरलेल्या, ते लिहून द्या. पोच म्हणून शिक्का घ्या. शिक्का दिला नाही, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने हॉस्पिटलला आणि पुण्याच्या सह धर्मादाय आयुक्तांना पाठवा. ‘निधी संपला’ म्हणतील. निधीपेक्षा जास्त खर्च झाला तर देखरेख समितीपुढे हिशेब मांडायची सोय योजनेतच आहे. तो हिशेब त्यांनी मांडायचा, तुम्ही नव्हे. योजनेतल्या रुग्णाकडून अनामत घेता येत नाही.

आणि म्हणूनच त्या इंग्रजी कागदावर सही करू नका. तो मी पाहिलेला नाही, पण असे कागद पुष्कळ पाहिलेत. त्यात बहुधा असं असतं, की मला सगळ्या योजनांची माहिती दिली, तरी मी स्वखुशीने सर्वसाधारण रुग्ण म्हणून दाखल होत आहे. एकदा ही सही झाली की तुमचा हक्क तुम्हीच सोडलात असं ते म्हणणार. शिवाय या योजना उपचाराआधी मंजुरी घेऊन चालतात. आधी भरलेले पैसे मागून मिळवायला जाल, तर वर्ष जाईल. कागद मराठीत मागा, घरी नेऊन वाचा.

कोरा चेक तर मुळीच नाही. बिल थकलं तर हॉस्पिटलला दिवाणी दावा करावा लागतो. चेक वटला नाही, तर चेकच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख कायदा) कलम १३८ खाली तुमच्यावर फौजदारी खटला होतो आणि शिवाजीनगर कोर्टात तारखांना उभे राहता ते तुम्ही. हिंजवडीहून अर्धा दिवस खाडा करून.

अडकवून ठेवतील का? कायद्याने नाही. बिलापायी रुग्णाला डिस्चार्ज नाकारून डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली बेकायदा अटकावाचा गुन्हा ठरू शकतो. तशी वेळ आली, तर वाद घालत बसू नका, ११२ लावा. कागदपत्रं लेखी मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. इकोचा रिपोर्ट आजच मागून ठेवा, दुसरीकडे जायला तोच लागेल.

हे सगळं चालू असताना आईला रात्री झोपवेना, आडवं झालं की दम लागायला लागला, तर कागद राहू द्या. १०८ बोलवा आणि जवळच्या हॉस्पिटलात न्या. धर्मादाय हॉस्पिटलला तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावंच लागतं, तब्येत स्थिर होईपर्यंत. फुले योजनेची मंजुरीही अशा वेळी फोनवरून मिळते, कागद मागाहून दिले तरी चालतात.

पतसंस्थेत अर्ज टाकून झाला असेल, तर तो मागे घ्या. प्रोसेसिंग फी परत मिळेल असं मात्र धरू नका.