मन रमेल ते कॉलेज की कर्ज कमी ते?

तुझ्या पत्रातला पेच थोडक्यात असा. जीवशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी तुला दोन कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. पहिल्यात वर्ग वीस-पंचवीस जणांचे, प्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखणारे. तू तिथे एका तासाला बसून आलीस आणि हीच आपली जागा असं तुला वाटलं. दुसऱ्यात पहिल्या वर्षाच्या तासाला दोनशे मुलं, पण शिष्यवृत्ती मिळते आहे. पहिल्यासाठी मोठं कर्ज काढावं लागेल, दुसऱ्यासाठी थोडं. बाबा सही करायला तयार आहेत, आई गप्प आहे.

आधी आकडे. पदवीनंतर पहिल्या वर्षी हातात येईल असा जो पगार तू चौकशी करून लिहिला आहेस, तो मी १०० धरते, म्हणजे इतर वाचकांनाही आपापले आकडे यात बसवता येतील. या मापाने पहिल्या कॉलेजसाठी कर्ज १६० आणि दुसऱ्यासाठी ४०. व्याज दोन्हीकडे १० टक्के, शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी हप्ते सुरू, फेडीची मुदत दहा वर्षं.

हप्ते सुरू होईपर्यंत कर्ज वाढत नाही, असा पुष्कळांचा समज असतो. दरवर्षाच्या सुरुवातीला एक चतुर्थांश रक्कम उचलली आणि व्याज सरळ धरलं, तरी पहिल्या हप्त्याच्या वेळी १६० चे २०८ झालेले असतील. त्यावर महिन्याचा हप्ता साधारण २.७५. तुझा महिन्याचा पगार ८.३३, म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा घरभाडं आणि जेवणखाण यांच्या आधीच गेला. दहा वर्षांत एकूण फेड ३३०. दुसऱ्या कॉलेजच्या ४० चे ५२ होतील, हप्ता ०.६९, पगाराच्या आठ टक्क्यांच्या आसपास, आणि एकूण फेड ८२-८३. पहिल्या कर्जाची मुदत पंधरा वर्षं करून घेतलीस तर हप्ता २.२४ वर येईल आणि हायसं वाटेल, पण एकूण फेड ४०० च्या वर जाईल.

पदवीचं सगळं कर्ज मिळून पहिल्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त नसावं, हा आमच्याकडचा जुना आडाखा आहे. मी तो पाळते, कारण त्याच्या आत राहिलं की हप्ता पगाराच्या पाचव्या भागाच्या आसपास बसतो आणि एखादी नोकरी सुटली तरी माणूस सावरतो. तू त्याच्या दीडपटीच्याही वर जाते आहेस.

पण एवढ्यावर निकाल द्यायला मी तयार नाही, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. शाळेनंतरच्या मोठ्या वर्गात तू हरवलीस, तास बुडवायला लागलीस, आणि सहा जणांच्या गटात अभ्यास सुरू केल्यावर पुन्हा उभी राहिलीस. हे लाड नाहीत. मन न रमल्यामुळे शिक्षण अर्धवट सुटलं तर कर्ज तसंच राहतं आणि ते फेडणारी पदवी हातात नसते. शैक्षणिक कर्जातली ही सगळ्यात वाईट अवस्था. म्हणून त्याचीही किंमत काढू. दुसऱ्या कॉलेजात तुझं एक वर्ष वाया गेलं असं धर. त्या वर्षाचा बुडालेला पगार १०० आणि वाढीव कर्ज १०, मिळून ११०. पहिलं कॉलेज निवडण्यासाठी तू जास्तीचे उचलणार आहेस १२०, आणि त्यावरचं व्याज वेगळं. म्हणजे वर्ष जाणार हे नक्की असतं, तरीही दुसरं कॉलेज महाग ठरत नाही. ते तर नक्कीही नाही. राहिला शिक्षणच सोडण्याचा धोका, आणि तो कमी करणं बऱ्याच अंशी तुझ्या हातात आहे.

पहिल्या कॉलेजबद्दल तू जे जे लिहिलंस त्याचे दोन भाग कर. तळ्याकाठची इमारत, मैत्रीण तिथे जाते आहे, नाव मोठं आहे: हा एक भाग. विचारलं तर उत्तर देणारे शिक्षक आणि लहान गट: हा दुसरा. नावाबद्दल अमेरिकेतल्या स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास बोलका आहे. नामांकित कॉलेजात प्रवेश मिळूनही कमी नामांकित ठिकाणी शिकलेली मुलं पुढे कमाईत सरासरीने मागे पडली नाहीत. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजाचा फायदा झालेला दिसला, हेही सांगायला हवं. दुसऱ्या भागाला २०१४ च्या गॅलप-पर्ड्यू पाहणीचा आधार आहे. तीस हजारांवर अमेरिकी पदवीधरांना विचारलं, तेव्हा पुढे कामात मन लागण्याशी कॉलेजच्या प्रकारापेक्षा आस्था असलेल्या शिक्षकाचा आणि मार्गदर्शकाचा संबंध जास्त दिसला. असा शिक्षक दोनशेंच्या वर्गामागेही असतो. फक्त तो आपण शोधावा लागतो, आणि तुझ्यासारख्या अबोल मुलीला ते जड जातं हे मला समजतं. पण दुसऱ्या कॉलेजात तू अजून पाऊलही ठेवलेलं नाहीस. एकाचा तास अनुभवायचा आणि दुसऱ्याचं माहितीपत्रक वाचायचं, ही तुलना बरोबर नाही. तिथे एक पूर्ण दिवस जा. प्रयोगशाळेची तुकडी किती जणांची, पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधनात मदतनीस म्हणून घेतात का, प्राध्यापक भेटीची वेळ खरोखर पाळतात का, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार.

बाबांच्या सहीबद्दल तू एका ओळीत उरकलं आहेस. ते सहकर्जदार होणार, म्हणजे तुझा हप्ता चुकला तर बँक पूर्ण रक्कम त्यांच्याकडे मागू शकते. ते सहा वर्षांनी निवृत्त होतील. तुझी फेड आजपासून साडेचौदा वर्षांनी संपेल. निवृत्तीच्या वेळी जेमतेम दीड वर्षाचे हप्ते गेलेले असतील. आई कदाचित याच हिशेबाने गप्प असेल. तिला विचार. शिवाय तुला पुढे संशोधन करायचं आहे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आलंच. आत्ताच १६० उचललेस तर त्या वेळी कोण आणि कशावर कर्ज देणार?

माझा सल्ला: आज आहेत त्या अटींवर दुसरं कॉलेज घे. मात्र पहिल्याला नकार कळवण्याआधी त्यांच्या आर्थिक साहाय्य विभागाला पत्र लिही, दुसरीकडची शिष्यवृत्ती कागदासह दाखव आणि साहाय्याचा फेरविचार करायला सांग. जी मदत देतील ती चारही वर्षं आहे का आणि किती गुणांच्या अटीवर, हे लेखी घे. पहिल्याच वर्षापुरती सवलत देऊन पुढे पूर्ण फी लावली जाण्याची शक्यता असते. चार वर्षांचं मिळून कर्ज १०० च्या खाली आलं, तर पहिलं कॉलेज घ्यायला माझी हरकत नाही. शेवटची दोन वर्षं तिथे करता येतील का, तुझे श्रेयांक ते मान्य करतील का, हेही त्याच पत्रात विचार. पत्र याच आठवड्यात जाऊ दे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजची प्रवेश निश्चितीची तारीख उलटण्याआधी उत्तर हातात असेल.