वाचकांचे प्रश्न : टीव्हीला जोडलेल्या घरच्या संगणकासाठी एसएसडी

प्रश्न : आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात आहे. चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा एक जुना कार्यालयीन संगणक आम्ही टीव्हीला जोडून ठेवला आहे. झाडीपट्टीतील नाटके, दंडार आणि गावातील भजनांचे कार्यक्रम यांचे चित्रीकरण आम्ही मंडळांच्या परवानगीने करतो, त्यावरच साठवतो आणि घरचे व शेजारचे लोक मिळून पाहतो. संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो, शिवाय आतली १ टीबीची हार्ड डिस्क भरत आली आहे. दुकानदार २ टीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या म्हणतात आणि तिचा वेग ७००० असल्याचे सांगतात. ती घ्यावी का? उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि वीज वारंवार जाते, हेही लक्षात घेऊन उत्तर द्यावे. – एक शिक्षक

उत्तर : एसएसडी म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क, आणि एनव्हीएमई हा तिचा पीसीआय एक्सप्रेस या मदरबोर्डवरील वेगवान मार्गाने जोडला जाणारा प्रकार. दुकानदारांनी सुचवलेली वस्तू चांगली असेल, परंतु आपल्या संगणकात ती बसवायला बहुधा जागाच नसेल. इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर २०१३ साली बाजारात आले. त्या काळच्या स्वस्त कार्यालयीन संगणकांत बहुतेक वेळा एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड असे आणि त्यावर एनव्हीएमईसाठी लागणारा एम.२ स्लॉट, म्हणजे तिची पट्टी बसवायची खाच, सहसा नसे. वेगळे कार्ड लावून ती जोडता येते, पण तिच्यावरून संगणक सुरू होईलच असे त्या वेळच्या बायोसबाबत (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीबाबत) म्हणता येत नाही. म्हणून आपण अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कप्रमाणे केबलने जोडायची, घ्यावी. जोडताना पोर्ट मात्र पाहून घ्यावा. एच८१ वर साटाचे चार पोर्ट असतात आणि त्यांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात; उरलेल्या ३ गिगाबिटच्या पोर्टवर लावल्यास सेकंदाला ५५० मेगाबाइटपर्यंत वाचू शकणारी एसएसडी निम्म्या वेगावरच अडकून राहते.

आता त्या ७००० च्या आकड्याविषयी. हा आकडा चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एसएसडीचा, सेकंदाला मेगाबाइटमधला वाचनवेग आहे आणि तो खोटा नाही. प्रश्न इतकाच की चित्रपट किंवा नाटक पाहताना त्याचा काय उपयोग होतो. फोर-के ब्लू-रे तबकडीवरील प्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदाला १२८ मेगाबिट आहे, म्हणजे १६ मेगाबाइट. आपल्या जुन्या हार्ड डिस्कचा सलग वाचनाचा वेगही याच्या कितीतरी पट असतो. चित्र अडखळत असेल तर दोष साठवणुकीत क्वचितच असतो. तो बहुतेक वेळा प्रोसेसरच्या क्षमतेत असतो, कारण एचईव्हीसी पद्धतीने दाबलेली चित्रफीत हार्डवेअरच्या साह्याने उलगडण्याची पूर्ण सोय इंटेलच्या सहाव्या पिढीपासून आणि १० बिटच्या चित्रफितींसाठी सातव्या पिढीपासून आली. आपला फोन एचईव्हीसीमध्ये चित्रीकरण करत असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ ही जुनी पद्धत निवडावी, आपला संगणक ते सहज चालवील. कोणतीही एसएसडी हे काम करून देणार नाही.

मग एसएसडी घ्यायची कशासाठी? संगणक लवकर सुरू व्हावा आणि कोडी किंवा जेलीफिनसारख्या, संग्रह मांडून दाखवणाऱ्या कार्यक्रमाने शेकडो चित्रफितींची यादी व पोस्टर झटकन दाखवावीत, यासाठी. ही कामे २५० जीबीच्या साध्या एसएसडीवरही उत्तम होतात. मी ५०० जीबीची सुचवीन, कारण ताजी चित्रीकरणे संपादनासाठी काही दिवस तिच्यावर ठेवता येतील. पडद्यावर तिची क्षमता ४६५ जीबीच्या आसपास दिसेल. तो केवळ मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, माल कमी आलेला नाही.

संग्रह मात्र हार्ड डिस्कवरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हिशेब करून पाहा. साधा फोन फुल एचडीत सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला सुमारे साडेसात जीबी. रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाची पाच तासांची फीत धरली तर एका नाटकाला ३८ जीबी लागतात. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या एका हंगामात चाळीस प्रयोग चित्रित केले की दीड टीबी जागा गेली. दुकानदारांची २ टीबीची एसएसडी दुसरा हंगाम संपण्याआधीच भरेल आणि तेवढ्या पैशांत मिळणारी हार्ड डिस्क कितीतरी मोठी असेल. ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क घेतल्यास ती जीपीटी या डिस्कचे भाग पाडण्याच्या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या थोडे पलीकडची जागा वापरताच येत नाही.

एसएसडी निवडताना खोक्यावरील वेगापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली म्हणजे ती टीएलसी आहे की क्यूएलसी. टीएलसीमध्ये चिपच्या एका सेलमध्ये, म्हणजे सर्वांत लहान कप्प्यात, तीन बिट साठवतात, क्यूएलसीमध्ये चार. त्यामुळे क्यूएलसी स्वस्त पडते, पण तिचा झटपट लिहिण्याचा राखीव भाग भरला की वेग कोसळतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ मालिकेतील १ टीबीच्या एसएसडीत हा भाग ४२ जीबीचा असून तो संपल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० मेगाबाइटवर येतो. म्हणजे आपले एक नाटक त्यात मावते, दुसरे लगेच उतरवायला घेतले तर रेंगाळते. दुसरी गोष्ट हमीची. नामांकित कंपनीची, पाच वर्षांच्या हमीची आणि बिलासह मिळणारी एसएसडी घ्यावी. ती झिजेल याची काळजी मात्र करू नये. त्याच कंपनीच्या ८७० इव्हो या ५०० जीबीच्या एसएसडीला ३०० टीबी लिहिण्याची हमी आहे. रोज २० जीबी लिहिले तरी तो आकडा गाठायला चाळीस वर्षे लागतील.

उन्हाविषयी आपण विचारलेत ते फार महत्त्वाचे आहे, कारण शहरातील वातानुकूलित खोलीत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ही गोष्ट येत नाही. चालू एसएसडी साधारण ७० अंशांपर्यंत आणि हार्ड डिस्क ६० अंशांपर्यंत काम करील अशी बनवलेली असते. हे तापमान खोलीचे नसून त्या उपकरणाचे असते. नवतप्यात टिनाच्या छताखालच्या खोलीतच ४२ अंश असतील आणि संगणक टीव्हीखालच्या बंद कपाटात असेल, तर हार्ड डिस्क मर्यादेच्या अगदी जवळ जाते. संगणक कवेलूच्या किंवा स्लॅबच्या खोलीत, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा, त्याचे पंखे पावसाळ्यापूर्वी एकदा धुळीपासून मोकळे करावेत आणि कूलरचा दमट झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नये. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम दोन्हींचे तापमान दाखवतो. मे महिन्यात दुपारी हार्ड डिस्क ५५ अंशांपुढे जाताना दिसली, तर त्या वेळी मोठ्या फाइली उतरवण्याचे काम रात्रीवर ढकलावे.

उष्णतेचा दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक आहे. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीजपुरवठा नसताना हा भार हळूहळू गळतो. तापमान जितके जास्त तितके लवकर. घरगुती एसएसडीसाठी जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानक असे आहे की, लिहिण्याची हमी पूर्ण वापरून झाल्यावर तिने वीज नसताना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी. नव्या एसएसडीत ती याहून पुष्कळ जास्त टिकते. तरीही एसएसडीत नाटके भरून ती माळ्यावरच्या पेटीत दोन-तीन उन्हाळे ठेवून देणे योग्य नाही. बाजूला काढून ठेवायची प्रत हार्ड डिस्कवरच असावी.

विजेचे सांगायचे तर, घरगुती एसएसडीत सहसा वीज अचानक गेल्यावर काम पूर्ण करून घेण्यापुरते मोठे कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारे घटक) नसतात. कोणती माहिती कोठे ठेवली याचा तक्ता लिहिला जात असतानाच वीज गेली, तर एखादी फाइल, क्वचित संपूर्ण एसएसडीच वाचता येईनाशी होते. घरी इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागील बाजूचे बटण पाहावे. अनेक इन्व्हर्टरांना यूपीएस आणि साधी अशा दोन पद्धती असतात. संगणकाचा पॉवर सप्लाय वीज खंडित झाल्यावर सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या पद्धतीत बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. बटण यूपीएसकडे केले की हा वेळ कमी होतो. त्यात एक अडचण आहे: या पद्धतीत इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टखालची वीज स्वीकारत नाही, म्हणून शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज उतरले की तो बॅटरीवर जातो आणि पंखे, दिवे सारेच तिच्यावर चालू लागून ती लवकर रिकामी होते. अशा घरांत संगणकापुरता ६०० व्हीएचा स्वतंत्र यूपीएस घेणे बरे. त्यावर टीव्ही जोडू नये. संगणक नीट बंद करायला काही मिनिटे मिळाली की पुरे. अर्थिंग चांगले आहे ना, हे गावातील वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि विजा चमकू लागल्या की प्लग व डिश अँटेनाची केबल दोन्ही काढून ठेवावीत.

आपल्या पत्रात दुसऱ्या प्रतीचा उल्लेख नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. चित्रपट पुन्हा मिळतो; आपल्या गावच्या मंडपात झालेला प्रयोग आणि त्यात गायलेला एखादा म्हातारा भजनी पुन्हा मिळत नाही. अंदाजपत्रकात ५०० जीबीची एसएसडी, ४ टीबीची हार्ड डिस्क आणि तेवढीच एक बाहेरून जोडायची हार्ड डिस्क अशा तीन वस्तू धराव्यात. पैसे कमी पडले तर एसएसडी पुढच्या वर्षी घ्यावी, पण बाहेरची डिस्क आधी घ्यावी. ती दुसऱ्या घरी, शक्यतो नातेवाइकांकडे ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी आणून नवी चित्रीकरणे तिच्यावर चढवावीत. फोनच्या कार्डावरील मूळ फीत दोन्ही ठिकाणची प्रत उघडून पाहिल्याशिवाय पुसू नये.

विंडोज १० ची मोफत नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. नवी एसएसडी लावतानाच विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली, किंवा फक्त पाहण्या-ऐकण्याचेच काम असेल तर लिब्रेएलेक बसवून घेता येईल. दोन्ही मोफत आहेत.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील नेरजवळच्या आमच्या शेतातील घरी मी एन१०० प्रोसेसरचा छोटा संगणक टीव्हीसाठी घेत आहे. त्यात एम.२ स्लॉट आहे. चौथ्या पिढीची एनव्हीएमई घ्यावी की तिसऱ्या?

उत्तर : एन१०० ला पीसीआय एक्सप्रेसची तिसरीच पिढी मिळते आणि अनेक छोट्या संगणकांत स्लॉटला तिच्याही पूर्ण वाहिन्या (माहिती वाहणारे मार्ग) दिलेल्या नसतात. जी स्वस्त आणि हमीची मिळेल ती घ्यावी. चौथ्या पिढीचीही त्यात चालेल, फक्त तिच्या जास्तीच्या वेगाचे पैसे देऊ नयेत. स्लॉट एनव्हीएमईचा आहे की केवळ साटाचा, हे माहितीपत्रकात पाहावे, कारण दोन्हींची पट्टी दिसायला सारखीच, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. या छोट्या डब्यांत हवा कमी खेळते. तापली की एनव्हीएमई स्वतःच वेग कमी करते, म्हणून सोबत आलेला थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) आणि धातूची पट्टी काढून टाकू नये. आपला प्रोसेसर एचईव्हीसी आणि एव्ही१ या दोन्ही पद्धतींनी दाबलेल्या चित्रफिती सहज उलगडतो, तेव्हा चित्राची चिंता नको.

प्रश्न : धारणीच्या बाजारात एकाने १६ टीबीची पोर्टेबल एसएसडी दीड हजार रुपयांना दाखवली. संगणकातही १६ टीबीच दिसते. घ्यावी का?

उत्तर : मुळीच घेऊ नये. अशा डबीत बहुधा एक लहान मेमरी कार्ड असते आणि त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या कार्यक्रमात, फेरफार करून खोटी क्षमता सांगायला लावलेले असते. खरी जागा भरली की पुढच्या फाइली आधीच्या फाइलींवर लिहिल्या जातात किंवा हवेत विरतात. यादीत नावे दिसतात, पण फीत उघडत नाही. आधीच घेतली असेल तर तिच्यात काही ठेवण्यापूर्वी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हा कार्यक्रम चालवावा. तो संपूर्ण जागा भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. नवी, बिलाची एसएसडी घेतल्यावरही एकदा ही चाचणी करायला हरकत नाही, आणि ती परत करण्याची मुदत संपायच्या आत करावी.

प्रश्न : एसएसडीला हार्ड डिस्कसारखे डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणे) करावे लागते का?

उत्तर : नाही. विंडोज ठरलेल्या वेळी तिला ट्रिमचा, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचे कळवणारा, आदेश आपोआप देते, तो बंद करू नये. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते.