फ्रेम संपेपर्यंत खुर्ची सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा वैताग समजला. त्या हौशी स्नूकर स्पर्धेत गटसाखळीपासून ज्या पोरावर तू नजर ठेवून होतास, तो शेवटच्या सोळांत हरला. तेही पूर्वी व्यावसायिक टूरवर खेळून आलेल्या, वयाने जवळपास दुप्पट असलेल्या माणसाकडून. पुढे विजेतेपद आणि त्याबरोबरची टूरची दोन वर्षांची जागाही त्याच माणसाने नेली. म्हणून तू विचारतोस, ही स्पर्धा हौशींची कशी म्हणायची, आणि पुढच्या वर्षी ती बघायची तरी कशाला?

पहिल्या प्रश्नात फार काही नाही. स्नूकरमध्ये ज्याच्याकडे टूर कार्ड, म्हणजे व्यावसायिक टूरवर खेळायची जागा, नाही तो हौशी. त्याच्या नावावर किती शतकी ब्रेक (एकाच पाळीत शंभर किंवा जास्त गुण) आहेत, हे कोणी विचारत नाही. कार्डाची दोन वर्षं संपली, क्रमवारीत पहिल्या 64 मध्ये जागा नाही, दुसऱ्या कुठल्या वाटेनेही कार्ड हाती लागलं नाही, की कालचा व्यावसायिक आज तुझ्या पोराच्या समोर उभा. फिनलंडचा रॉबिन हल आठव. 2002 मध्ये जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळलेला माणूस. पुढे तब्येतीमुळे त्याला 2008 मध्ये खेळ सोडावा लागला. 2013 मध्ये त्याने युरोपीय हौशी विजेतेपद जिंकलं, टूरवर परतला आणि 2014 मध्ये पुन्हा क्रुसिबलला, म्हणजे जागतिक स्पर्धेची मुख्य फेरी होते त्या सभागृहात, पोचला. पहिल्याच फेरीत अनेकदा जगज्जेता झालेल्या रॉनी ओ'सुलिव्हनने त्याला 10-4 हरवलं, तो भाग वेगळा. हलने ती जागा घेतली तेव्हाही कुठल्या तरी तरुण पोराची संधी हुकलीच असणार. म्हणून हलवर रागवायचं का?

दुसऱ्या प्रश्नाने मात्र माझं डोकं फिरलं. कारण तूच लिहिलंयस, "1-3 झाल्यावर मी बंद केलं आणि सकाळी निकाल बघितला." अरे, निकाल 4-3 आहे! म्हणजे तू उठून गेल्यावर त्या पोराने लागोपाठ दोन फ्रेम, म्हणजे दोन डाव, काढल्या, बरोबरी साधली आणि निर्णायक फ्रेमपर्यंत सामना ओढला. त्या सामन्यातला बघण्यासारखा भाग तू झोपेत घालवलास, आणि आता मला विचारतोस की बघायचं कशाला! फ्रेम संपेपर्यंत उठायचं नाही. सामना संपेपर्यंत तर नाहीच नाही.

एक साधी परिस्थिती घे. टेबलावर फक्त सहा रंग उरलेत, म्हणजे 27 गुण, आणि खेळाडू 30 ने मागे आहे. बहुतेक लोक इथे उठतात. पण त्याने एक चांगला स्नूकर लावला, म्हणजे आधी मारायचा पिवळा थेट लागणार नाही असा पांढरा चेंडू ठेवला, समोरच्याचा पिवळा चुकला आणि 4 गुणांचा फाउल मिळाला, की अंतर 26 वर येतं आणि टेबलावर 27 अजून आहेतच. सगळे रंग साफ केले तर फ्रेम एका गुणाने त्याची. होतं का असं? क्वचित. पण जो खेळाडू 30 ने मागे असताना क्यू बॉल, म्हणजे तो पांढरा चेंडू, दुसऱ्या रंगामागे लपवायला पंधरा मिनिटं घालवतो, त्याच्याबद्दल तुला त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते त्याच्या शतकी ब्रेकमधून कधीच कळणार नाही. ब्रेक करताना सगळेच शूर दिसतात.

तू म्हणशील, सगळ्या टेबलांचं प्रक्षेपण नसतं. नसतंच. अशा स्पर्धांत एकाच वेळी कितीतरी टेबलं चालू असतात आणि कॅमेरा बहुधा एक-दोनवरच. बाकीच्या टेबलांचे आकडे तेवढे बदलताना दिसतात. मग आकडे बघ, पण बसून बघ. 0-0 बराच वेळ हलत नाही, म्हणजे सेफ्टी, समोरच्याला संधी न देणारा खेळ, चालू आहे. 40-0 चे 40-8 होतात, मग परत शांतता, म्हणजे लाल चेंडू कुशनला, टेबलाच्या कडेला, चिकटलेत आणि कोणीच धोका पत्करत नाही. 62-58 वर आकडा अडकला तर डोळा लागू देऊ नकोस. मी अनेक रात्री असे आकडे बघत काढल्या. घरच्यांना ते वेड वाटायचं, मित्रांना वेळेचा अपव्यय. "निकाल सकाळी दोन ओळींत वाचता येतो की," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. त्यापायी काही माणसं दुरावली, त्याची खंत आहे. पण त्या पोरांचा खेळ मी शेवटपर्यंत पाहिला, आणि दोन ओळी वाचणाऱ्यांनी पाहिला नाही. हे मी कोणापुढेही म्हणेन. असो, माझं पुराण पुरे.

आणि शेवटपर्यंत म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, असंही धरू नकोस. खरं तर जागा मिळाल्यावरच सगळं सुरू होतं. टूरवर साधारण 128 खेळाडू, क्रमवारी दोन वर्षांच्या बक्षिसाच्या रकमेवर, आणि नव्या माणसाच्या खात्यात शून्य. आयर्लंडच्या एरन हिलला 2020 मध्ये युरोपीय 21 वर्षांखालील विजेतेपदातून जागा मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने ओ'सुलिव्हनला 5-4 हरवलं. ती एक रात्र सगळ्यांना आठवते, त्यानंतरच्या पात्रता फेऱ्या कोणाला आठवतात? बेल्जियमच्या लुका ब्रेसेलने 2010 मध्ये पंधराव्या वर्षी युरोपीय हौशी विजेतेपद घेतलं, तो जगज्जेता झाला 2023 मध्ये. मधली तेरा वर्षं फक्त निकाल वाचणाऱ्यांना कंटाळवाणी वाटली असतील. आपल्या पंकज अडवाणीने तर 2012 मध्ये टूरवर जाऊन 2014 मध्ये आपणहून कार्ड परत केलं. म्हणजे ज्या जागेसाठी तुझा जीव तुटतोय, तीही काहींना नको होते. तुला राग आलेल्या त्या माणसाची दोन वर्षंही बघ. त्याने ती कमावली आहेत, आणि ती सोपी जाणार नाहीत.

तुझा तो पोरगा पुढच्या वर्षी परत येईल की नाही, माहीत नाही. या वयात बरेच जण खेळ सोडतात, त्याला खर्च हे एक कारण आणि घरचे हे दुसरं. म्हणून तर म्हणतो, जो आज खेळतोय त्याला आज बघून घे.

तो सामना कॅमेऱ्याच्या टेबलावर होता, तेव्हा त्याचं रेकॉर्डिंग मिळायला हवं. पाचवी, सहावी आणि सातवी फ्रेम सलग बघ, पुढे ढकलत बघू नकोस. सातवी तो नेमकी कुठल्या फटक्यावर हरला ते मला कळव. शेवटच्या चुकलेल्या गुलाबीवर, असं लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही, कारण ती फ्रेम त्याच्या बरीच आधी गेली होती.

तुझा,
एक हट्टी प्रेक्षक