दोब्री देन, पण दोब्रोये ऊत्रो का?

प्रश्न असा आलाय की रशियनमध्ये दुपारी भेटल्यावर 'दोब्री देन' म्हणतात, मग सकाळी 'दोब्रोये ऊत्रो' का, शब्द तर तोच आहे ना, दोब्री म्हणजे चांगला.

तोच आहे, फक्त लिंग बदललंय. देन म्हणजे दिवस, पुल्लिंगी. ऊत्रो म्हणजे सकाळ, पण आपली सकाळ 'ती' आणि त्यांची 'ते', म्हणून दोब्रोये. वेचेर म्हणजे संध्याकाळ, तो परत पुल्लिंगी म्हणून दोब्री वेचेर. थोडक्यात आपलं चांगला-चांगली-चांगलं तसं त्यांचं दोब्री-दोब्राया-दोब्रोये. मराठी माणसाला हे शिकवावंच लागत नाही, इंग्रजीवाल्यांना मात्र खूप जड जातं.

रशियन नावंच बघा ना. बल्शोय थिएटर (मोठं थिएटर, पण रशियनमध्ये 'तो', शेवटावर जोर असला की पुल्लिंगात ई च्या जागी ओय येतं), रेड स्क्वेअर म्हणजे क्रास्नाया प्लोश्चाद, ती स्त्रीलिंगी, आणि काळा समुद्र म्हणजे चोर्नोये मोरे, नपुंसक. बरीच आडनावंसुद्धा विशेषणासारखीच चालतात, लेखक दस्तयेव्स्कीची बायको आन्ना दस्तयेव्स्काया.

अनेकवचनात तर रशियन आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण नवे पंखे, नव्या खिडक्या, नवी घरं असं तिथेही लिंग सांभाळत बसतो, त्यांच्याकडे सगळ्यांना एकच, नोवीये. पीटर्सबर्गला जूनमध्ये रात्री धड अंधारच पडत नाही त्या बेलीये नोची, म्हणजे पांढऱ्या रात्री, त्यात तुम्हाला हेच रूप दिसेल.

अडतं कुठे, तर आपल्याकडे पळवाट आहे. लाल शर्ट, लाल साडी, लाल फूल, काहीच बदलत नाही. पण तांबडा म्हटलं की लगेच तांबडा-तांबडी-तांबडं. रशियनमध्ये जवळजवळ सगळी विशेषणं या तांबडासारखी आहेत, लाल-सुंदर-गोल असली न बदलणारी फारच थोडी आणि तीही बहुतेक बाहेरून आलेली. त्यातलं एक तर आपल्या ओळखीचंच आहे, खाकी! इथून इंग्रजीत गेलं, तिथून पुढे रशियात पोचलं, आणि तिथेही कुठल्याच लिंगाला न बदलता तसंच राहिलंय.