४२ नंबर कुणालाच का मिळत नाही?

प्रश्न: नातू अमेरिकेत असतो, म्हणतो तिकडे बेसबॉलमधे ४२ नंबरची जर्सी कुणालाच देत नाहीत. असं का हो?
– एक आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर: आजोबा, नातू बरोबर सांगतोय. तो नंबर जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूचा. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्स या टीमकडून उतरला, त्याआधी कित्येक वर्षं मोठ्या लीगमधे काळ्या खेळाडूंना दारच बंद होतं, त्यांच्या लीगच वेगळ्या. शिव्या, धमक्या, स्वतःच्या टीममधल्या काहींनाही तो नको होता, आणि त्याला घेणाऱ्या, टीमचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीची अट काय तर उलटून बोलायचं नाही! तरी त्या वर्षीचा बेस्ट नवा खेळाडू तोच ठरला. आणि शाळांमधला वर्णभेद तिकडच्या सुप्रीम कोर्टाने बेकायदा ठरवला १९५४ ला, बघा, बेसबॉल कोर्टाच्या ७ वर्षं पुढे. १९९७ मधे सगळ्याच टीम्ससाठी ४२ रिटायर केला, म्हणजे पुढे कुणाला द्यायचाच नाही, आता फक्त दर १५ एप्रिलला झाडून सगळे तोच नंबर घालतात. सीके नायडूंचं नाव निघालं की आपले इंदूरकर कसे सरसावून बसतात, तसं तिकडे याचं. त्याच्या आधीचा गोरा स्टार बेब रूथ जास्त फेमस असेल, पण देश हलवला कुणी म्हणाल तर माझं मत रॉबिन्सनला. अर्थात १९७४ मधे हँक एरन या काळ्या खेळाडूने रूथचा ७१४ होमरनचा (आपल्या सिक्सरसारखा फटका) रेकॉर्ड मोडला तेव्हाही त्याला धमक्यांची पत्रं येतच होती.