वकिलाकडची माझी गोपनीय फाईल पोलीस नेऊ शकतात का?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याच्या भागीदारीत वाद झालाय, आता पोलीस वकीलसाहेबांचा लॅपटॉपच उचलतील का, ही तुमची भीती.

तसा सरळ उचलता येत नाही. तुम्ही वकिलाला विश्वासाने सांगितलेलं भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023च्या कलम 132ने सुरक्षित आहे. बेकायदा कामासाठीच सल्ला घेतला असेल तर मात्र नाही.

लॅपटॉपबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2025 रोजी स्पष्ट केलंय: पोलिसांनी मागितला तरी तो न्यायालयातच हजर करायचा. तुम्हाला नोटीस मिळणार, तुमच्या आणि वकिलांच्या समोरच तो उघडणार, आणि इतर अशिलांची माहिती उघड होता कामा नये.

पण खरेदीखत, हिशेबाच्या वह्या वकिलांच्या कपाटात ठेवल्या म्हणून तपासातून सुटत नाहीत. लोक इथेच फसतात, मला फार वाईट वाटतं.

तुमच्या घरी किंवा कारखान्यात झडती आली तर किमान दोन पंच हवेत (फौजदारी प्रक्रियेचा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 103), चित्रीकरण हवं (कलम 105). जप्तीच्या यादीची प्रत मागून घ्याच. त्यात नुसतं ‘एक काळा लॅपटॉप’ असेल तर कंपनी आणि सिरियल नंबर तिथेच लिहायला सांगा.