रात्री १४०, सकाळी १८५ : साखर आली कुठून?

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ५८. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. झोपताना ग्लुकोमीटरवर १४०च्या आसपास आणि सकाळी चहाआधी १८५! मध्ये पाण्याशिवाय पोटात काही नाही. म्हणून रात्रीचा भात बंद करून नुसती वाटीभर पेज देते, तरी फरक नाही. गोळी वाढवू का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : गोळी आपल्या मनाने वाढवू नका, आणि त्यांना नुसत्या पेजेवरही ठेवू नका. पोट रिकामे असले तरी यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असते. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढतात आणि ते जास्तच सोडू लागते. एरवी इन्सुलिन त्याला आवर घालते. मधुमेहात ते अपुरे पडते. तुमच्याकडे बहुधा हेच होत असावे.

पण दुसरी शक्यता आधी निकालात काढायला हवी. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण तुटपुंजे झाले, तर मध्यरात्री साखर फार उतरू शकते. मग शरीर ती वर ढकलते आणि सकाळी आकडा चढलेला दिसतो. असे ऐकिवात येते तितके सर्रास घडत नाही, पण घडत असेल तर गोळी वाढवणे घातक. रात्री घामाने बनियन भिजते का, सकाळी डोके दुखते का, हे त्यांना विचारा.

आठवड्यातल्या तीन रात्री निवडा. झोपताना, पहाटे ३ वाजता गजर लावून आणि उठल्याबरोबर साखर मोजा; जेवणाची वेळ आणि पदार्थही वहीत लिहा. तीनला ठीक आणि सकाळी जास्त, तर पहाटेची वाढ. औषध किंवा त्याची वेळ बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. झोपतानाच जास्त असून तशीच राहिली, तर दोष बहुतेक जेवणाचा. उशिरा भात आणि खोबऱ्याचे दाट कालवण झाले, की साखर सावकाश, मध्यरात्रीपर्यंत चढत राहते. आठच्या आत जेवण, भाताची एक लहान मूद, सोबत मासे किंवा उसळ आणि भाजी, नंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे, एवढे करून पाहा. पेज लवकर पचते, साखर झटकन वाढवते आणि रात्रभर पुरत नाही.

मोजण्यातही गफलत होते. आंबा-फणस हाताळलेल्या बोटाचा आकडा खोटा चढतो. सॅनिटायझर नको, साबणाने धुऊन हात कोरडे करा. आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्यांच्या डबीचे झाकण पट्टी काढताच घट्ट लावा, डबी फ्रिजमध्ये ठेवू नका. १८५ आणि १७५ यांतला फरक यंत्राचाही असू शकतो.

तीनला ७०च्या खाली आकडा आला, तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तडक रुग्णालय गाठा. असे एकदा जरी झाले, तरी उरलेल्या रात्रींसाठी न थांबता त्याच सकाळी डॉक्टरांना कळवा.